नक्षीची भिंत कशी पाहावी: इस्लामी अलंकरणकलेची नवख्यांसाठी ओळख

बीबी का मकबरा पाहायला गेलेली मंडळी बहुधा दोन कामं करतात: ताजमहालाशी तुलना आणि फोटो. दोन्हींना माझी हरकत नाही, पण या गडबडीत भिंत पाहायची राहून जाते. ‘नक्षी छान आहे’ म्हणून आपण पुढे सरकतो, कारण त्या नक्षीत नेमकं काय बघायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

स्पेनमधल्या ग्रानाडापासून विजापूरपर्यंत पसरलेली ही कला पहिल्यांदा पाहताना अंगावर येते. मोकळी जागा म्हणून कुठे सोडलेलीच नाही असं वाटतं. खरं तर साहित्य मोजकं आहे: अक्षर, वेल, भूमितीची जाळी, आणि कमानीच्या पोटातून खाली उतरत येणारे कोनाड्यांचे थर. हे चार प्रकार वेगवेगळे ओळखू आले की भिंत उलगडायला लागते. माझं एक ठाम मत आहे. नुसतं बघत राहून ही कला कळत नाही. कंपास घेऊन एक तारा स्वतः काढला की कळते. म्हणून लेखाच्या मध्यावर एक गृहपाठ दिला आहे. तो टाळू नका.

सोबत फार काही लागत नाही. शाळेतली कंपासपेटी, टोकदार पेन्सिल, चांगलं खोडरबर, वही आणि जमलं तर साधी दुर्बीण. दुर्बीण फार उपयोगी पडते, कारण उत्तम काम पुष्कळदा घुमटाच्या गळ्याशी, नाहीतर कमानीच्या अगदी वर असतं.

आधी दोन गैरसमज बाजूला ठेवा

पहिला असा की ‘इस्लामी कला’ म्हणजे सगळी धार्मिक कला. मशिदी आणि कुराणाच्या प्रती त्यात आहेतच. पण राजवाडे, हमामखाने, गालिचे, पाणी ओतायची पितळी भांडी, तलवारींच्या मुठी, बिदरी हुक्केसुद्धा आहेत. कारागीरही सगळे मुसलमान नव्हते. बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावर जी नावं कोरली आहेत त्यांत वास्तुकार अताउल्लाह यांच्याबरोबर हंसपतराय हेही नाव आहे.

दुसरा गैरसमज: ‘यांच्यात चित्रं निषिद्ध, म्हणून नक्षी.’ यात अर्धंच सत्य आहे. मशिदीत आणि कुराणाच्या पानावर माणूस-प्राणी काढत नाहीत, हे जवळजवळ सगळीकडे पाळलं गेलं. राजवाड्यांची गोष्ट निराळी. जॉर्डनमधल्या कुसैर अम्रा या आठव्या शतकातल्या हमामखान्याच्या भिंतींवर शिकारी, नाचणाऱ्या बाया, स्नान करणाऱ्या स्त्रिया असं सगळं रंगवलेलं आहे. आणखी बोलका नमुना मश्अत्ताचा. जॉर्डनमधल्या या अर्धवट राहिलेल्या राजवाड्याची कोरीव दगडी दर्शनी भिंत ऑटोमन सुलतान दुसरा अब्दुल हमीद यानं १९०३ मध्ये जर्मन कैसरला भेट दिली. ती आता बर्लिनमध्ये आहे. तिच्या डाव्या बाजूच्या वेलींत प्राणी-पक्षी दिसतात. उजव्या बाजूला, जिच्यामागे मशीद होती, निव्वळ वेल. एकाच भिंतीवर, एकाच काळात, दोन्ही. तेव्हा प्रश्न ‘चालतं की चालत नाही’ असा विचारू नये, ‘कुठे चालतं’ असा विचारावा.

पायरी १ : इतिहासाचा सांगाडा, वहीच्या एका पानावर

घराण्यांची यादी पाठ करायची गरज नाही. पाच-सहा टप्पे पुरे.

जेरुसलेमचा ‘डोम ऑफ द रॉक’ (६९१-९२) आणि दमास्कसची मोठी मशीद (७०६-१५) इथून सुरुवात करा. उमय्यद खलिफांनी बांधलेल्या या इमारतींतलं मोझेइक, म्हणजे रंगीत काचेच्या बारीक तुकड्यांचं काम, बायझंटाईन परंपरेतलं आहे. इराणच्या ससानी राजांचे मुकुट आणि पंखही वेलींत दिसतात. हातात आलेलं जुनं साहित्य, त्यातून माणसं तेवढी वगळलेली. दमास्कसच्या भिंतीवर नदी आहे, झाडं आहेत, घरं आहेत, आणि माणूस एकही नाही.

पुढचा टप्पा इराकमधलं समर्रा. अब्बासी खलिफांनी ८३६ मध्ये राजधानी इथे आणली आणि ८९२ पर्यंत ठेवली. एवढ्या थोड्या काळात मैलोन्‌मैल वाडे उभे करायचे म्हटल्यावर एकेक पान कोरत बसणं परवडेना. मग चुन्या-गचेच्या गिलाव्यात साच्यानं नक्षी उठवायची पद्धत आली: तिरकस कडांचे, एकमेकांत मिसळणारे आकार, ज्यांत पान कुठे संपतं आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. पुढच्या साऱ्या अमूर्त नक्षीचं बीज मला इथे दिसतं, आणि ते घाईत रुजलं याची गंमत वाटते. समर्रात वाढलेला इब्न तुलून इजिप्तचा सुभेदार झाला तेव्हा ही पद्धतही कैरोला गेली. तिथली त्याची मशीद (८७६-७९) आजही उभी आहे.

मग मंगोल. १२५८ मध्ये बगदाद पडलं, पण त्याच मंगोलांच्या राज्यात चीन ते इराण वाट मोकळी झाली आणि चिनी कमळ, ढग, ड्रॅगन इराणी फरशांवर उतरले. त्यानंतर तैमूरी आणि सफवी इराणची निळी टाईल, ऑटोमन तुर्कांच्या इझनिक गावच्या फरशा, स्पेनच्या नासरी राजांचा अलहंब्रा हा ग्रानाडातला राजवाडा, मुघल आणि दख्खनी सुलतान, हे सगळे आपापल्या चवीनं तेच चार प्रकार वापरत राहिले.

दख्खनचा इराणशी संबंध दिल्लीमार्गे आला असं समजू नका. दाभोळ, चौल, गोवा या बंदरांतून घोडे, व्यापारी, कवी, कारागीर थेट समुद्रानं येत. बहमनी वजीर महमूद गवान स्वतः इराणच्या गिलान प्रांतातला. त्यानं बिदरला बांधलेला मदरसा (१४७२) पाहिला की समरकंदच्या गल्लीतली इमारत चुकून इकडे आली असं वाटतं.

पायरी २ : लांब उभे राहा

भिंतीला नाक लावू नका. आधी चौकटी मोजा. मोठ्या कमानीभोवती आयताकृती पट्टा, त्याच्या आत आणखी एक बारीक पट्टी, मग कमान. कमानीच्या खांद्यांवर उरलेले दोन त्रिकोणी भाग. खाली कमरेएवढ्या उंचीचा वेगळा पट्टा. वहीत हा आराखडा पाच-सहा रेघांत काढा आणि प्रत्येक कप्प्यात एकच शब्द लिहा: अक्षर, वेल, तारा किंवा कोनाडे.

बहुतेक वेळा असं दिसेल: लांब पट्ट्यात अक्षर, त्रिकोणात वेल, सपाट मोठ्या जागेत किंवा खालच्या पट्ट्यात भूमिती, पोकळीच्या छतात कोनाडे. प्रत्येक प्रकाराची जागा ठरलेली असते आणि कारण अगदी व्यवहारी आहे. ओळ लांब जागा मागते. वेल वाकड्यातिकड्या जागेत वळून बसते. भूमितीची जाळी कितीही पसरवता येते. हे एकदा ध्यानात आलं की नियम मोडलेला दिसतो तेव्हा खरी मजा येते.

दख्खनमध्ये एक खूण हटकून शोधा. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक गोल पदक, आणि त्या पदकाला खालून तोलून धरणारा पानासारखा वळसा. विजापुरात ही जोडी जागोजागी भेटते.

पायरी ३ : अक्षर ओळखा (वाचता आलं नाही तरी)

अरबी येत नाही म्हणून ही पायरी ओलांडून जाऊ नका. तीन लिप्यांची ढब ओळखली तरी पुष्कळ काम होतं. कूफी ताठ आणि कोनदार, सुरुवातीच्या शतकांतली. पुढे तिच्या टोकांना पानंफुलं फुटली आणि विटांच्या भिंतींवर ती थेट चौकोनी झाली. थुलुथमध्ये उंच उभ्या रेघा आणि खाली मोठे वळसे; इमारतींवरच्या भव्य ओळी बहुधा याच लिपीत. नस्तालिक तिरकी, उजवीकडून डावीकडे उतरत जाणारी. ती दिसली की मजकूर फारसी असण्याची शक्यता जास्त.

या वळणांना शिस्त आहे. बगदादचा वजीर इब्न मुक्ला (मृत्यू ९४०) यानं अक्षरांचं माप बोरूच्या ठिपक्यात बांधलं: बोरू तिरका टेकवला की जो समभुज चौकोन उमटतो तो एकक, आणि अलिफ, म्हणजे उभ्या रेघेचं पहिलं अक्षर, किती ठिपके उंच त्यावरून बाकी सगळं. इब्न अल-बव्वाब आणि याकूत अल-मुस्तासिमी यांनी पुढे ते घोटून घेतलं. चित्रकारापेक्षा सुलेखनकाराला मान जास्त होता. म्हणूनच ताजमहालावर, वास्तुकाराचं नाव कुठेही नसताना, सुलेखनकार अमानत खान याची सही मात्र आहे.

आता शोधायला सोपा शब्द ‘अल्लाह’. उजवीकडून: एक सुटी उभी रेघ, मग खाली जोडलेल्या दोन उभ्या रेघा, आणि शेवटी डावीकडे छोटी गाठ. डोळ्यांना सवय झाली की तो सगळीकडे दिसायला लागतो. अलहंब्राच्या भिंतींवर ‘अल्लाहखेरीज कुणी विजेता नाही’ हे नासरी राजांचं बोधवाक्य इतक्या वेळा येतं की दुपारपर्यंत तुम्हीच ते ओळखून इतरांना दाखवाल.

मजकूर कोणता असेल याचाही अंदाज बांधता येतो. कबरीच्या इमारतीवर कुराणातला ‘यासीन’ हा ३६वा अध्याय वारंवार येतो. ताजच्या मोठ्या कमानींभोवती तोच आहे. इजिप्तमधल्या ममलूक काळातल्या काचेच्या मशीद-दिव्यांवर प्रकाशाची आयत (कुराणातलं वचन), म्हणजे २४व्या अध्यायातली ३५वी. अली आणि बारा इमामांची नावं दिसली तर शिया आश्रयदाता, मग तो इस्फहानचा सफवी असो वा गोवळकोंड्याचा कुतुबशाह. इस्तंबूलच्या हागिया सोफियात टांगलेल्या प्रचंड गोल फलकांवर मात्र अल्लाह आणि पैगंबर यांच्यासोबत पहिल्या चार खलिफांची आणि हसन-हुसेन यांची नावं आहेत.

साल शोधा. अरबी-फारसी आकडे सोपे: १ म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे ठिपका, ७ म्हणजे इंग्रजी व्ही, ८ म्हणजे उलटा व्ही, ९ इंग्रजीसारखाच. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांच्या आसपास. म्हणून हिजरी सालाला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. ताजमधल्या अमानत खानाच्या एका सहीत १०४८ आहे. १०४८ गुणिले ०.९७ म्हणजे १०१६ आणि वर काही. त्यात ६२२ मिळवले की १६३८. झालं.

कधी साल आकड्यात नसतंच, वाक्यात लपवलेलं असतं. प्रत्येक अरबी अक्षराला एक मूल्य असतं आणि बेरीज केली की साल निघतं. ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण वाक्याची अशीच बेरीज ७८६ येते, हा आकडा रिक्षांच्या मागे आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. गोलघुमटाच्या दक्षिण दरवाजावर तीन फारसी वाक्यं आहेत आणि प्रत्येकाची बेरीज १०६७, मुहम्मद आदिलशाहाच्या मृत्यूचं हिजरी साल. गणित करा, १६५६ येईल.

शिलालेख खोटंही बोलतो, तेव्हा सालाकडे नीट लक्ष द्या. डोम ऑफ द रॉकच्या आत सुमारे २४० मीटर लांबीची कूफी ओळ आहे. ती इमारत अब्द अल-मलिक यानं बांधली. नंतर अब्बासी खलिफा अल-मामून यानं त्याचं नाव काढून स्वतःचं घातलं, पण हिजरी ७२ हे साल बदलायचं राहून गेलं. अल-मामून तेव्हा जन्मलाही नव्हता.

अक्षर आणि जाळी एकत्र पाहायची असतील तर विजापूरचा इब्राहिम रोजा ही कबरीची इमारत गाठा. तिथल्या खिडक्यांत अक्षरंच दगडातून आरपार कोरून जाळी केली आहे. आत उभं राहून पाहावं, म्हणजे उजेड अक्षरांतून येतो. गोलघुमट पाहून परत फिरणाऱ्या सहलींचं मला नेहमी वाईट वाटतं. नक्षी पाहायची तर गोलघुमटात फार काही नाही, रोज्यात आहे.

पायरी ४ : वेलीच्या देठावर बोट ठेवा

वेलबुट्टी पाहताना फुलाकडे आधी बघू नका. देठ शोधा. तो बहुधा गोल गोल आत वळत जातो. त्यातून दुसरा फाटा उलट दिशेनं वळतो. बोटानं, अर्थात हवेत, त्याच्या मागे जा. मध्येच पान येतं, पान दुभंगतं, आणि पानाच्या टोकातूनच पुढचा देठ निघतो. झाडाला असं कधी होत नाही. फारसीत या प्रकाराला इस्लिमी म्हणतात. चांगल्या कामात दोन-तीन वेली एकमेकींच्या वरखाली स्वतंत्र चालतात. इस्फहानच्या शेख लुत्फुल्लाह मशिदीच्या (१६०३-१९) घुमटावर बाहेरून हे स्पष्ट दिसतं.

मग फुलं. फुलांवरून काळ आणि प्रदेश कळतो. कमळ, मोठ्या पाकळ्यांची गच्च फुलं आणि ढगाची वळवळती रिबीन असेल तर मंगोलांनंतरचं, चीनकडून आलेलं वळण. याला इराणात खताई म्हणतात. ट्युलिप, कार्नेशन, हायसिंथ आणि गुलाब एकत्र, पांढऱ्यावर निळा आणि टोमॅटोसारखा उठून आलेला लाल: तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला ऑटोमन इझनिक. इस्तंबूलची रुस्तम पाशा मशीद या फरशांनी भरलेली आहे. जमिनीतून उगवलेलं, मुळापासून शेंड्यापर्यंत एकटं उभं, दोन्ही बाजूंना मोजकी पानं असलेलं झुडूप दिसलं तर मुघल. जहांगीर १६२० मध्ये काश्मीरला गेला, तिथल्या फुलांनी वेडावला, उस्ताद मन्सूरकडून त्यांची चित्रं काढून घेतली. युरोपातून आलेली वनस्पतींची छापील चित्रंही दरबारात होती. तेव्हापासून मुघल भिंतीवर वेल मागे पडली आणि रोप उभं राहिलं.

पायरी ५ : तारा काढा

आता कंपासपेटी उघडा. पुढचा नमुना तारा-आणि-क्रूस म्हणून ओळखला जातो. तेराव्या शतकात इराणच्या काशान शहरातल्या कुंभारांनी चकाकत्या सोनेरी झिलईच्या फरशा याच दोन आकारांत केल्या. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कोनमापक लागत नाही.

१. कागदावर १६ सेंमी बाजूचा चौरस काढा. मधोमध उभी आणि आडवी रेघ मारून त्याचे ८ सेंमीचे चार चौरस करा. सगळं फिकट पेन्सिलनं.

२. प्रत्येक लहान चौरसात दोन्ही कर्ण आणि उभी-आडवी मध्यरेषा काढा. केंद्रातून आठ किरण निघालेले दिसतील.

३. केंद्रावर कंपास ठेवून ४ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. ते चौरसाच्या चार बाजूंना बरोबर मध्यावर टेकेल आणि कर्णांना चार ठिकाणी छेदेल. टेकत नसेल तर पेन्सिल बोथट आहे. पुढे जाऊ नका, टोक करा.

४. बाजूंवरचे चार बिंदू जोडा: कोपऱ्यावर उभा राहिलेला चौरस मिळेल. कर्णांवरचे चार बिंदू जोडा: सरळ बसलेला चौरस मिळेल.

५. या दोन चौरसांची मिळून जी बाहेरची कड होते ती गडद करा. आठ टोकांचा तारा तयार. चारही चौरसांत हेच करा.

६. आता वर्तुळं, किरण, चौरसांच्या बाजू, सगळं खोडा. फक्त चार तारे ठेवा.

कागदाच्या मध्यभागी पाहा. चार ताऱ्यांच्या मधे टोकदार हातांचा एक क्रूस उभा आहे, जो तुम्ही काढलाच नव्हता. या कलेत ‘रिकामी जागा’ नसते असं मी म्हणतो ते यासाठी. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत रेघा ठिपक्यांवरून जातात आणि ठिपके दिसत राहतात. इथे कारागीर आधाराच्या सगळ्या रेघा पुसून टाकतो आणि पाहणाऱ्याला त्या परत शोधायला लावतो.

हात बसला की पुढचा प्रयोग करा. तोच तारा, पण या वेळी दोन्ही चौरसांच्या आतल्या रेघाही ठेवा. प्रत्येक रेघेच्या दोन्ही अंगांना मिलिमीटरभर अंतरावर समांतर रेघ मारून तिची पट्टी करा. जिथे दोन पट्ट्या छेदतात तिथे एक वरून, दुसरी खालून. नियम एकच: जी पट्टी आता वरून गेली ती पुढच्या छेदाला खालून जाईल. चौरस विणल्यासारखे दिसू लागतील. दगडात, लाकडात, कुराणाच्या पहिल्या पानावर, सगळीकडे हीच युक्ती आहे.

आता कुठल्याही भिंतीपुढे उभं राहून ताऱ्याची टोकं मोजा. ६ किंवा १२ असतील तर आधार बहुधा त्रिकोण-षटकोनांच्या जाळीचा. शाळेत कंपासची त्रिज्या न बदलता काढलेलं सहा पाकळ्यांचं फूल तीच जाळी. ८ किंवा १६ असतील तर चौरसाचा, जो तुम्ही आत्ता काढला. ५ किंवा १० असतील तर सावध व्हा, कारण पंचकोन नुसते शेजारी शेजारी ठेवून जमीन भरत नाही, फटी राहतात. इराणी उस्तादांना हेच कोडं सर्वांत आवडलं. ते सोडवायला पाच आकार येतात: दशकोन, पंचकोन, लांबट षटकोन, समभुज चौकोन आणि कमरेत बारीक झालेला बो-टायसारखा षटकोन. सगळ्यांच्या बाजू सारख्या लांबीच्या, त्यामुळे कोणताही कोणाशेजारी बसतो. नक्षीच्या रेघा त्या बाजूंच्या मध्यांतून जातात. २००७ मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम दर्ग्यावरची (१४५३) नक्षी अशा तुकड्यांनी सोडवून दाखवली. ती कधीही तंतोतंत पुनरावृत्त न होणाऱ्या रचनेच्या फार जवळ जाते असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाद झाले आणि अजून आहेत.

कारागिरांना हे गणित येत होतं का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा बुझजानी या गणितज्ञानं कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर वेगळा ग्रंथ लिहिला होता, आणि इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात ११४ नमुन्यांची एक लांबलचक गुंडाळी जपलेली आहे. तिच्यावर आधाराच्या रेघा शाईशिवाय, नुसत्या टोकानं ओरखडून काढल्या आहेत. म्हणजे त्या आधीच अदृश्य ठेवल्या होत्या.

पायरी ६ : वर पाहा

चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर कोपरे भरावे लागतात. त्या कोपऱ्यातल्या मोठ्या कोनाड्याचे तुकडे करत करत अकराव्या शतकाच्या आसपास मुकर्नस तयार झाला: लहान लहान अर्धकोनाड्यांचे थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला. वजन पेलायला त्याचा उपयोग पुष्कळदा शून्य. अलहंब्रातल्या दोन बहिणींच्या दालनाचा घुमट पाच हजारांच्या आसपास गिलाव्याच्या तुकड्यांचा आहे आणि तो सगळा वरच्या खऱ्या छताखाली लटकतो. पाहताना आकार मोजू नका, थर मोजा. खालून वर सरळ रेषेत बघितलं तर प्रत्येक थराचा तारा किंवा बहुकोन दिसतो. विजापुरात मुकर्नसापेक्षा एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर भर आहे. गोलघुमटाचा घुमट त्यांच्यावरच उभा आहे.

पायरी ७ : हे कशाचं केलं आहे?

सगळ्यात शेवटी जवळ जा, पण हात लावू नका. टाईल असेल तर दुर्बिणीतून सांधे पाहा. प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापून बसवलेला असेल, पानाच्या कडेनंच सांधा जात असेल, तर ते महाग आणि जुनं काम; फारसीत मुअर्रक. सांधे सरळ चौकोनी असतील आणि नक्षी त्यांच्यावरून बेधडक जात असेल तर एकाच फरशीवर अनेक रंग भाजलेले, म्हणजे हफ्त-रंगी. इस्फहानच्या शाह मशिदीत प्रवेशद्वार पहिल्या पद्धतीचं आहे, आतला बराच भाग दुसऱ्या. मशीद मोठी आणि शाह अब्बासला घाई.

आपल्याकडचा काळा पाषाण बारीक नक्षीला फार कष्ट देतो, म्हणून दख्खनच्या कारागिरांनी चुन्याच्या गिलाव्यात कमाल केली. अहिल्यानगरची (अहमदनगर) दमडी मशीद हा सुंदर अपवाद: सोळाव्या शतकातली, लहानशी, आणि दगडातच बारीक कोरलेली. बीबी का मकबऱ्यात खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी, मधला भाग गिलाव्याचा. ‘पैसे कमी पडले’ एवढीच कहाणी सांगतात, पण तो गिलावा संध्याकाळच्या तिरक्या उन्हात पाहा. सपाट दुपारी त्यातली वेल दिसतच नाही.

कुठून सुरुवात करावी

महाराष्ट्रातून निघणाऱ्यांनी आधी बीबी का मकबरा, आणि वेळ असेल तर दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महालावर उरलेल्या झिलईच्या फरशांचे तुकडे. दुसऱ्या फेरीत विजापूर: इब्राहिम रोजा, मग जामा मशिदीतला सोनेरी रंगवलेला मेहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा (१६३६), ज्यात पुस्तकं आणि फुलदाण्या खऱ्या कोनाड्यात ठेवल्यासारख्या काढल्या आहेत. बिदर तिसरं. तिथल्या मदरशाचा मोठा भाग १६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात कोसळला. उरलेल्या मिनारावरचे नागमोडी पट्टे आणि भिंतीवरची निळी-पिवळी-पांढरी अक्षरं पाहताना वरच्या सगळ्या पायऱ्या कामाला येतात. मुंबईकरांनी डोंगरीकडची इराणी मशीद, जिला लोक मुघल मशीद म्हणतात, बाहेरून तरी पाहावी. बांधणी १८६० ची, घुमट नाही, दर्शनी भाग निळ्या फरशांचा.

चालू मशिदीत नमाजाच्या वेळा आणि शुक्रवारची दुपार टाळा, जोडे बाहेर, डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी जवळ ठेवा, आणि फोटोआधी तिथल्या माणसाला विचारा. विचारलं की बहुतेक वेळा तेच कुलूप लावलेला एखादा दरवाजाही उघडून दाखवतात.

परदेशात राहणाऱ्यांची सोय जास्त चांगली आहे. दोह्याचं इस्लामी कला संग्रहालय, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधला इस्फहानहून आणलेला चौदाव्या शतकातला टाईलचा मेहराब, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधला अर्दबीलचा गालिचा. हा गालिचा अंधुक उजेडात काचेआड असतो; रंग टिकावेत म्हणून दिवे थोडाच वेळ लावतात, तेव्हा आधीच जागा धरून उभे राहा. एका टोकाला छोट्या चौकटीत मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६ विणलेलं आहे. गुणाकार तुम्हाला येतोच.